चारचा आकडा कुणाचा?

मलेशियाच्या द्वीपकल्पात, पेराक आणि केलांतान या राज्यांच्या मधल्या डोंगररांगांत, तेमियार नावाचे लोक राहतात. त्यांच्या भाषेत एक ते सहा असं मोजतात: नेय, नार, ने, अम्पात, लीमा, अनाम.

जरा मोठ्यानं म्हणून बघा. काही जाणवलं? पहिले तीन शब्द आखूड, एकेका झटक्यात संपणारे, तिन्ही 'न'नं सुरू होणारे. चौथ्या शब्दाला मात्र चालच बदलते. शब्द लांबतात, दोन-दोन ठोक्यांचे होतात. मध्येच कुणीतरी गाणं बदलावं तसं वाटतं, आणि खरोखरच तसं झालेलं असतं. अम्पात, लीमा, अनाम हे मलय भाषेतले चार, पाच, सहा. तेमियार माणूस तीनपर्यंत स्वतःच्या भाषेत मोजतो आणि चारपासून शेजाऱ्याच्या भाषेत जातो. जवळच राहणाऱ्या सेमाई लोकांचंही तेच. त्यांचा दोन 'नार', तीन 'नी', आणि पुढे सगळं मलय.

एक ते दहा म्हणजे भाषेतला अगदी घरातला ऐवज. मूल बोलायला लागलं की बोटं धरून आपण त्याला हेच शिकवतो. तो अर्धा उसना कसा? आणि उसनाच घ्यायचा, तर पहिले तीन तेवढे का ठेवले? प्रश्न एवढासाच आहे. पण त्याच्या मागे लागलं की माणूस मादागास्करला जातो, हवाई बेटांवर जातो, संस्कृतमधल्या अयुत-कोटीपर्यंत पोचतो आणि शेवटी जिथे येऊन थांबतो ती जागा चक्क महाराष्ट्रात आहे.

सुरुवात माणसांपासून करू. मलाय द्वीपकल्पावर मलय राज्यं उभी राहिली त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे राहणाऱ्या लोकांना आज ओरांग अस्ली म्हणतात, म्हणजे मूळची माणसं. सरकारदरबारी त्यांच्या अठरा जमाती आहेत आणि सगळे मिळून सुमारे दोन लाख लोक. यातले काही मलय भाषेच्याच बोली बोलतात. बाकीच्यांच्या दीडेक डझन भाषा मात्र मलयहून अगदी वेगळ्या. त्यांच्या समूहाला अभ्यासक अस्लियन म्हणतात. सेमाई बोलणारे दहा हजारांहून कितीतरी जास्त आहेत, तर जाहाईसारख्या भाषा हजार-दीड हजारांच्या तोंडी उरल्या आहेत.

हे लोक जंगलात राहिले म्हणजे जगापासून तुटून राहिले, असं समजू नका. वेत, राळ, कापूर, अगरू हा माल त्यांच्याच हातून बाहेर पडायचा आणि मलय व्यापाऱ्यांमार्फत मलाक्काच्या सामुद्रधुनीवरच्या बंदरांत पोचायचा. तिथून चीन, अरबस्तान, हिंदुस्थान. आपल्याकडे देवापुढे जळणाऱ्या अगरूचा एखादा तुकडा तिकडच्या डोंगरातून आलेला असणं अगदी शक्य आहे. मलय भाषेत त्याला 'गाहारू' म्हणतात, आणि ते आपलंच अगरू आहे. बदल्यात जंगलात काय जायचं? मीठ, लोखंड, कापड.

आता सौद्याची कल्पना करा. वेताच्या मोळ्या किती, कापडाचे वार किती, मागची बाकी किती. मोजणी दोघांना कळली पाहिजे, आणि ज्याच्या हातात मीठ आहे त्याच्या भाषेत ती होणार. शिवाय आकड्यांची एक खोड आहे. ते एकेकटे येत नाहीत, माळेनं येतात. 'लीमा' उचललं की त्याच्या मागोमाग 'अनाम' येतंच. एकदा बाजारात पाच मलयमध्ये म्हणायची सवय लागली की सहा, सात, आठ घरच्या भाषेत म्हणण्याचं कारण उरत नाही.

हे परक्या लोकांचं नवल वाटत असेल, तर तुमचा मोबाइल नंबर मनातल्या मनात म्हणा. कोणत्या भाषेत म्हणालात? बहुतेकांनी 'नाइन एट' असाच सुरू केला असणार. घरी माणसं किती म्हटलं तर आपण 'चौघं' म्हणतो, चपात्या किती म्हटलं तर 'तीन'. पण नंबर, पिनकोड, ओटीपी आला की जीभ आपोआप रूळ बदलते. जो व्यवहार ज्या भाषेतून आला, त्याची मोजणी त्या भाषेत होते. तेमियार लोकांनी वेगळं काहीच केलेलं नाही.

आणि हे फक्त लहान भाषांचं होतं असंही नाही. थायलंडच्या राजधानीत बसून कुणी सोंग, साम, सी, हा म्हणून दोन, तीन, चार, पाच मोजतं तेव्हा ते शब्द मुळात चिनी भाषेतून आलेले असतात. जपानी आणि कोरियन भाषांत आजही दोन-दोन माळा नांदतात, एक घरची आणि एक चीनहून आलेली. अंकोरवाट उभारणाऱ्या ख्मेर लोकांचं बघा. कंबोडियात वीसपर्यंतचे शब्द त्यांचे स्वतःचे, पण तीस, चाळीस, पन्नास ते नव्वद या दशकांचे शब्द त्यांनी थाई शेजाऱ्यांकडून घेतले. उलट व्हिएतनामवर हजारएक वर्षं चीनची सत्ता होती, भाषेत चिनी शब्दांचा पूर आला, तरी तिथला माणूस रोजची मोजदाद मोट, हाय, बा, बोन अशी अस्सल घरच्या शब्दांतच करतो. कोण काय उसनं घेईल आणि काय छातीशी धरून ठेवेल, याचा नियम सांगणं कठीण.

बरं, ज्या मलयकडून तेमियारांनी उसनवारी केली, ती मलय तरी कुठून आली? इथे पहिला मोठा धक्का बसतो. मलयमधला पाच, 'लीमा', हा ज्या मूळ भाषेतून आला तिथे त्याचा अर्थ हातही होता. पाच बोटांचा हात, म्हणून पाच. हवाई बेटांवर आजही 'लिमा' म्हणजे पाच आणि 'लिमा' म्हणजे हात. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत तो 'रिमा' झाला, आणि आफ्रिकेच्या कुशीतल्या मादागास्करवर 'दिमी'. शिडाच्या होड्या घेऊन निघालेल्या दर्यावर्दी लोकांनी हा शब्द हिंदी महासागराच्या एका टोकापासून प्रशांत महासागराच्या मध्यापर्यंत नेला. या भाषाकुळाला ऑस्ट्रोनेशियन म्हणतात. समुद्र कधी न पाहिलेला तेमियार म्हातारा डोंगरात बसून 'लीमा' म्हणतो तेव्हा तो अर्ध्या जगाच्या दर्यावर्द्यांचा शब्द वापरत असतो.

मलयचे आठ आणि नऊ तर आणखी मजेदार. आठ म्हणजे 'लापान', जुन्या रूपात 'देलापान', म्हणजे दोन काढून घेतलेले. नऊ म्हणजे 'सम्बिलान', एक काढून घेतलेला. कशातून काढून घेतलेला? दहातून. दहा बोटं उभी करा आणि एक मिटा, झाले नऊ. हसू येतंय? मग एकोणीस म्हणून बघा. एक उणा वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ. पुढच्या दशकाच्या दारात उभं राहून मागे वळून मोजायची ही युक्ती मराठीनं संस्कृतकडून घेतली, मलयनं स्वतःची स्वतः शोधली. दोघांची ओळखही नव्हती.

तशीच एक फसवी गंमत मलयच्या दोनमध्ये आहे. तो 'दुआ'. दोन, द्वि, दुआ! नातं जोडायचा मोह होतोच. पण हा 'दुआ' त्या दर्यावर्दी कुळातला जुना शब्द आहे, मादागास्करवर तो 'रुआ' झालाय. संस्कृतशी त्याचा संबंध शून्य. भाषांचं नातं एका शब्दाच्या साम्यावर ठरत नाही. हे लक्षात ठेवा, कारण थोड्याच वेळात मी तुम्हाला याहून अविश्वसनीय साम्य दाखवणार आहे आणि ते मात्र खरं आहे.

मलयच्या मोठ्या संख्यांत मात्र आपण खरोखरच आहोत. दहा लाखांना मलयमध्ये 'जूता' म्हणतात. हा शब्द म्हणजे संस्कृतमधलं अयुत, म्हणजे खरं तर दहा हजार. समुद्र ओलांडताना त्याची किंमत शंभर पटींनी वाढली. लक्षाचं उलटं झालं. जुन्या मलयमध्ये 'लक्सा' म्हणजे फक्त दहा हजार. आणि कोटी? 'केती' होऊन ती लाखावर घसरली. शब्द पोचले, किमती वाटेत सांडल्या! आकड्याला 'अंका' म्हणतात, पहिल्याला 'पर्तामा', म्हणजे प्रथम. वस्तू मोजतानाही आपला एक शब्द कामाला आहे. मलयमध्ये नुसतं तीन कोंबड्या म्हणत नाहीत, 'तीन शेपूट कोंबड्या' म्हणतात. कागद, पानं, केस यांना वेगळा मोजशब्द, काठ्यांना वेगळा आणि अंड्यांसारख्या लहान गोल वस्तूंना 'बिजी', म्हणजे आपलं बीज. चार जण आणि चार नग यांतला फरक जाणणाऱ्या मराठी माणसाला यात फार परकं वाटू नये.

ही देवाणघेवाण किती जुनी? सुमात्रा बेटावर पालेम्बांगजवळ जुन्या मलय भाषेतले सातव्या शतकातले शिलालेख सापडले आहेत. त्यांत वर्ष आहे ते शकाचं. कंबोडियातल्या साम्बोर इथल्या एका ख्मेर शिलालेखावर शके ६०५ असं वर्ष आहे, म्हणजे इ.स. ६८३, आणि त्यातलं शून्य हे एक ठसठशीत टिंब आहे. दगडावर कोरलेल्या, तारीख नक्की माहीत असलेल्या शून्यांमध्ये हे जगातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. आपल्या पंचांगातला शक आणि आपलं शून्य तिकडच्या दगडावर!

तर चारपासून वरच्या मजल्याचा हिशेब लागला. खालचे तीन अजून बाकी आहेत. उसनवारी तीनलाच का थांबली?

एक सुंदर उत्तर मेंदूत आहे. १८७१ साली स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं स्वतःवरच एक प्रयोग केला. मूठभर काळे घेवडे टाकायचे, काही खोक्यात पडतील, काही बाहेर. नजर टाकताक्षणी खोक्यात किती हे सांगायचं आणि मग मोजून पडताळायचं. हे त्यानं हजाराहून जास्त वेळा केलं. तीन आणि चार घेवडे असताना तो एकदाही चुकला नाही. पाचपासून चुका सुरू झाल्या आणि पुढे वाढतच गेल्या. तुम्हीही करून बघा, शेंगदाणे चालतील. तीन दाणे आपण मोजत नाही, ते आपल्याला दिसतात. सात दाणे दिसत नाहीत, मोजावे लागतात. लहान संख्या पाहण्याच्या आणि मोठ्या संख्या मोजण्याच्या. घरात सतत लागतात त्या पाहण्याच्या: दोन मुलं, तीन मासे. त्या शब्दांना बाजाराचा वारा लागला नाही म्हणून ते टिकले असावेत.

उत्तर छान आहे, पण याच उत्तरावरून एक मोठी घसरगुंडी सुरू होते. एकोणिसाव्या शतकातले युरोपीय लेखक तिच्यावरून मोठ्या थाटात घसरले. ज्यांच्याकडे स्वतःचे तीनच आकडे, त्यांना तीनच्या पुढे मोजताच येत नसणार, त्यांची बुद्धीच तेवढी, असा निष्कर्ष काढून ते मोकळे झाले.

तो किती पोकळ होता हे दोन गोष्टींवरून कळतं. पहिली, आकड्याच्या शब्दांवाचूनही नेमकं मोजता येतं. मलाय द्वीपकल्प आणि बोर्निओच्या जंगलांतले लोक सणाचं आमंत्रण धाडताना वेताच्या दोरीला गाठी मारून पाठवत. पाहुण्यानं रोज एक गाठ सोडायची आणि गाठी संपल्या की हजर व्हायचं. ना तारीख, ना संख्या, तरी चूक नाही.

दुसरी, भाषा कशात श्रीमंत असावी हे तिथलं जगणं ठरवतं. जाहाई लोकांकडे वासांसाठी डझनभर स्वतंत्र शब्द आहेत. आपण जसे लाल-पिवळा म्हणतो तसे ते वासांची नावं सहज घेतात. पेट्रोल, धूर आणि वटवाघळांची विष्ठा या तिन्हींतला समान वास सांगणारा एक शब्द आहे. वाघाला ओढून आणेल अशा रक्ताळ वासाला दुसरा, आणि तो चिरडलेल्या उवेलाही लागतो. निक्लास बुरेनहुल्ट आणि आसिफा मजीद या संशोधकांनी २०१४ साली प्रयोगातून दाखवलं, की इंग्रजी बोलणारे ज्या वासांपुढे चाचपडतात तिथे जाहाई लोक पटकन, एकमुखानं नाव सांगतात. आपल्याकडेही खमंग, कुबट, खवट असे मोजके शब्द आहेत. पण डझनभर? ज्या जंगलात वाघ आहे तिथे नाकाचा हिशेब आकड्यांपेक्षा महत्त्वाचा.

आणि आता मुख्य पुरावा. अस्लियन लोकांकडे तीनच्या पुढचे स्वतःचे आकडे होते. नुसते होते असं नाही, काहींच्या तोंडून ते उतरवूनही घेतले गेले.

त्यासाठी दक्षिणेकडे यायला हवं. सलांगोरच्या किनाऱ्याजवळ केरी बेटावर माह मेरी लोक राहतात. लाकडी मुखवट्यांच्या कोरीवकामासाठी ते प्रसिद्ध आहेत. पाहांगमध्ये तासिक बेरा नावाच्या विस्तीर्ण तळ्याकाठी सेमलाई राहतात, आणि आणखी वर समाक बेरी. या तिघांच्या भाषा अस्लियनच्या दक्षिण शाखेतल्या. १९०६ साली स्कीट आणि ब्लॅग्डन या दोघा इंग्रजांनी द्वीपकल्पातल्या जमातींवर दोन जाडजूड खंड प्रसिद्ध केले. भाषांचा भाग ब्लॅग्डनचा, शब्दांच्या लांबलचक तुलनात्मक याद्यांनी भरलेला. तीनपाशी थांबणाऱ्या सेमाई-तेमियारांच्या या दक्षिणेकडच्या चुलतभावंडांकडे आकडे सातापर्यंत होते. उच्चार मराठीत जेमतेम बसतात, पण साधारण असे:

मुय, म्बार, म्पे, म्पोन, मसोंग, प्रू, तंपो.

म्हणजे तीनची मर्यादा मेंदूची नव्हतीच. माळ लांब होती. व्यापारानं ती वरून उसवत आणली, कुठे सातपर्यंत, कुठे तीनपर्यंत. आणि तेमियारांचे नार आणि ने? त्यांची शेपटं बघा. म्बार–नार. म्पे–ने. सुरुवातीचं अक्षर तेवढं 'नेय'च्या संगतीनं 'न' झालेलं दिसतं. आकडे सतत एकामागोमाग म्हटले जातात, त्यामुळे ते शेजाऱ्याचा रंग घेतात. रशियनमध्ये नऊचा शब्द 'न'नं सुरू व्हायला हवा होता, पण दहाच्या 'देस्यात'ला चिकटून तो 'देव्यात' झाला. गुण नाही पण वाण लागला, तो असा.

ब्लॅग्डनची गोष्ट इथे संपत नाही. मलाक्कात सरकारी नोकरी केलेला हा माणूस पुढे ब्रह्मदेशातल्या शिलालेखांकडे वळला. पगानला म्याझेडी पगोड्याजवळ इ.स. १११३च्या सुमाराचा एक चौकोनी खांब आहे. त्याच्या चार बाजूंवर एकच मजकूर चार भाषांत कोरलाय: पाली, ब्रह्मी, प्यू आणि मोन. त्यातली विसरलेली प्यू भाषा वाचायची वाट ब्लॅग्डननं १९११ मध्ये दाखवली, आणि मोन लेखांवरही आयुष्य घालवलं. मोन ही ब्रह्मदेशाच्या दक्षिणेतल्या जुन्या राज्यांची भाषा. देवळं, विहार, ग्रंथ असलेली. त्या जुन्या शिलालेखांतल्या मोन भाषेचे आकडे आता वाचा:

मोय, बार, पि, पान, मसुन, तुरोव, दुंपोह.

वरची ओळ पुन्हा बघा. मुय–मोय. म्बार–बार. म्पे–पि. म्पोन–पान. मसोंग–मसुन. तंपो–दुंपोह! राजांनी दगडावर कोरून घेतलेले आकडे आणि ज्यांना रानटी म्हणून हिणवलं गेलं त्या किनाऱ्यावरच्या मासेमारांचे आकडे एकाच घरातले निघाले. पुढे कंबोडियात जा: मुएय, पीर, बेय, बुअन. यातला 'र' लिहितात, बोलत नाहीत, पण बार-नारचा तो 'र' लिपीनं जपून ठेवलाय. व्हिएतनामचे मोट, बा, बोन तर तुम्ही वर वाचलेच आहेत. एका साम्यावर नातं ठरत नाही असं मी म्हणालो होतो. इथे साम्य एकाचं नाही. अख्खी माळ, त्याच क्रमानं, एकामागून एक भाषेत जुळते. याला योगायोग म्हणता येत नाही.

त्याच १९०६ साली विल्हेल्म श्मिट या अभ्यासकानं या सगळ्या भाषांना एकत्र बांधून ऑस्ट्रोएशियाटिक हे नाव दिलं. आणि त्या बांधणीत त्यानं हिंदुस्थानातल्याही काही भाषा घेतल्या. मेघालयातली खासी, निकोबार बेटांवरच्या भाषा, आणि संथाळी-मुंडारी ज्यात येतात त्या मुंडा भाषा.

मुंडा भाषांमधली सगळ्यात पश्चिमेकडची भाषा कोणती, माहीत आहे? कोरकू. आणि ती कुठे बोलतात? सातपुड्यात, मध्य प्रदेशातल्या बैतूल-खंडवा भागात आणि आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, धारणी आणि चिखलदऱ्याच्या गावांमधून. कोरकूमधले एक ते चार ऐका:

मिया, बारी, अपई, उफुन.

मिया–मोय. बारी–बार. अपईत तो 'प' आहे. उफुन आणि म्पोन. आणि सहा? कोरकूत सहाला 'तुरुई' म्हणतात. जुन्या मोन भाषेत 'तुरोव'. पगानचा खांब आणि धारणीचा बाजार, मध्ये बंगालचा उपसागर आणि जवळजवळ हजार वर्षं, आणि आकडा एकच. केरी बेट मेळघाटापासून तीन हजार किलोमीटरांहून दूर आहे. ही माणसं एकमेकांपासून हजारो वर्षांपूर्वी पांगली. त्यानंतर कुणी भातशेती केली, कुणी शिकार, कुणी साम्राज्यं उभारली. देव बदलले, राजे बदलले, बाकीची भाषा एकमेकांना ओळखू येणार नाही इतकी बदलली. पण दोनला 'बार' म्हणायचं हे कुणी विसरलं नाही.

आता तेमियार माणसाची ती साधी मोजणी नव्यानं ऐका. नेय, नार, ने: हा थर सातपुड्यापासून व्हिएतनामपर्यंत पसरलेल्या कुळाचा. अम्पात, लीमा: हा मादागास्करपासून हवाईपर्यंतच्या दर्यावर्द्यांचा. आणि तोच माणूस मलयमध्ये दहा लाख म्हणायला गेला, तर 'जूता', म्हणजे संस्कृत. तीन महाकुळं, एका दमात, एका तोंडी! ज्या भाषेला फक्त तीन आकडे येतात म्हणून नाक मुरडलं गेलं, तिच्या मोजणीत निम्म्या पृथ्वीची ये-जा साठली आहे. उसनवारी म्हणजे भाषेचं दारिद्र्य, हा समज इथे कायमचा मोडीत काढायला हरकत नाही. भाषा कुणाकुणाला भेटली, तिनं कशाचा सौदा केला, याची उसनवारी ही नोंदवही आहे.

मात्र नोंदवहीची पानं गळतातही. जे तेमियार आणि सेमाईंचं झालं तेच कोरकूचं होतंय. २०११च्या जनगणनेत कोरकू मातृभाषा सांगणारे सव्वासात लाखांच्या घरात होते. आकडा लहान नाही, पण शाळेतले पाढे, बाजारातले भाव, मजुरीचा हिशेब हे सगळं हिंदी-मराठीत चालतं, आणि कोरकूचे वरचे आकडे व्यवहारातून मागे सरतात. जंगलातल्या वेताच्या मोळीनं तिकडे जे केलं, ते इकडे आठवडी बाजारातला तराजू करतोय. यात कुणाचा दुष्टपणा नाही. पण निदान आपल्याला ते कळायला तरी हवं.

म्हणून एक विनंती. मेळघाटात पुष्कळ जण वाघासाठी जातात आणि बहुतेकांना तो दिसत नाही. पुढच्या वेळी गेलात तर चहाच्या टपरीवर एखाद्या कोरकू आजोबांना किंवा आजीबाईंना नमस्कार करून एक ते दहा म्हणायला सांगा. दोन वेळा ऐका, मुलांनाही ऐकवा, परवानगी घेऊन फोनवर उतरवून ठेवा. शिक्षक असाल तर वर्गातल्या कोरकू पोरांना हे आकडे फळ्यावर लिहू द्या आणि त्यांना सांगा, की मोजायला त्यांनी घरी शिकलेले हे शब्द आपल्या मराठीच्या एक-दोन-तीनइतकेच मानाचे आहेत आणि त्यांची भावंडं थेट मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या किनाऱ्यावर राहतात.